‘गया था’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे
(आमच्या इंग्रजी संभाषण वर्गात येणारे हिंदीभाषक विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी)

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे आजही शेजारी-शेजारी नांदतात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची भाषा हिंदी, शाळा मराठी आणि नोकरीसाठी हवं असतं इंग्रजी. या मुलांची सगळ्यात जास्त अडखळ होते ती भूतकाळात, आणि तीही एका ठरलेल्या जागी.

‘मैं कल अमरावती गया था’ हे मूल इंग्रजीत सांगतं, ‘आय हॅड गॉन टू अमरावती येस्टरडे.’ शब्दाला शब्द लावून त्याने हिशेब जुळवलेला असतो: ‘गया’ला ‘गॉन’, ‘था’ला ‘हॅड’. पण हिंदीतला ‘था’ एवढंच सांगतो, की गोष्ट झाली आणि संपली, जाऊन परत आलो. मराठीत आपण ‘गेलो होतो’ म्हणतो, तसंच. इंग्रजीत याला एकच शब्द पुरतो. आय वेंट टू अमरावती येस्टरडे.

मग ‘हॅड’ लागतो कुठे? भूतकाळातल्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली आधी घडलेली दाखवायची असेल, तिथे. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचण्याआधीच गाडी गेली होती. ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटलंत, तर मी पोहोचलो आणि गाडी सुटली. पहिल्या वाक्यात फलाट रिकामा आहे, दुसऱ्यात गाडी डोळ्यांदेखत हलते आहे. म्हणून मुलाखतीत ‘आय हॅड डन बीकॉम’ म्हणून थांबलात, की ऐकणारा वाट बघत राहतो: त्यानंतर काय झालं? तिथे साधं ‘आय डिड’ म्हणा.

‘देखा है’चंही जपून. ‘मैंने ताजमहल देखा है’ला ‘आय हॅव सीन’ अगदी बरोबर. पण ‘मैंने उसे कल ही देखा है’ हे हिंदीत चालतं, इंग्रजीत नाही. ‘येस्टरडे’ आलं, साल आलं, की ‘हॅव’ सोडायचं: आय सॉ हिम येस्टरडे.

‘आय डिड नॉट वेंट’ ही चूकही हिंदीतूनच येते. ‘नहीं गया’मध्ये भूतकाळ क्रियापदावर असतो. इंग्रजीत तो ‘डिड’ने उचललेला असतो, त्यामुळे मागे उरतं नुसतं ‘गो’.

एक गोष्ट मात्र खूप सोपी आहे. ‘मैंने रोटी खाई’, ‘मैंने आम खाया’, ‘वह गया’, ‘वह गई’ असल्या लिंगाच्या आणि ‘ने’च्या भानगडी इंग्रजीत नाहीतच. मुलगा असो, मुलगी असो, ‘वेंट’ ते ‘वेंट’च.

‘गो-वेंट-गॉन’चे तक्ते आम्ही पहिल्या दिवशी पाठ करून घेत नाही. पहिला आठवडाभर मुलं फक्त ‘काल काय केलं’ हे सांगतात. तेव्हा उच्चारही बसतात: वर्क्ट, प्लेड, वाँटिड. लिहिताना तिन्हींचा शेवट सारखा, पण कानाला ‘ट’, ‘ड’ आणि ‘इड’ असा वेगळा. ‘वर्केड’ ही सवय सुरुवातीलाच मोडलेली बरी, नंतर ती फार चिवट होते.

पालकांना एक विनंती. रात्री जेवताना मुलाकडून दिवसभरातली पाच वाक्यं इंग्रजीत ऐका. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, फक्त ‘हॅड’ किती वेळा आलं ते मोजा आणि वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहा. वही दर शनिवारी वर्गात पाठवा. प्रत्येक ‘हॅड’ला आम्ही मुलालाच विचारू: कशाच्या आधी?