बेदाणा शेड, घाम आणि हजची तयारी

"आम्ही द्राक्षबागेतली माणसं, सर. ऊन काय आमाला नवीन हाय?"

तासगावजवळच्या आपल्या बेदाणा शेडमध्ये उभे राहून चाचा म्हणाले. मिरजेत ते आमचे शेजारी. यंदा चाचा-चाची दोघांचाही हजला नंबर लागलाय, आणि मी त्यांच्यापुढे 2024 ची बातमी काढली होती. त्या जूनमध्ये मक्केच्या मुख्य मशिदीपाशी पारा 51.8 अंशांवर गेला. सौदी सरकारच्या आकड्यानुसार 1,301 यात्रेकरू दगावले. त्यांतले बहुतेक विनापरवाना आलेले होते, त्यांना वातानुकूलित तंबूंचा आधार नव्हता. चांद्र वर्ष छोटं असल्यामुळे हजयात्रा दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते. यंदा ती मे अखेरीस आहे, पण मक्केत मे महिनाही भाजून काढणाराच असतो.

उन्हाची सवय असते, हे चाचांचं म्हणणं खरं आहे. मात्र ही सवय शरीरात नेमकी कुठे असते आणि किती दिवस टिकते, ते कळलं तर तयारीची दिशाच बदलते.

शेडमधल्या जाळ्यांवर हात ठेवून पाहा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी नुकते पसरलेले ओले द्राक्षमणी हाताला गार लागतात. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तो यामुळेच, आणि आपणही यामुळेच जिवंत राहतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. 70 किलोच्या माणसाचं तापमान एका अंशानं वाढायला साधारण 58 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे एक लिटर घाम दहा अंशांची वाढ थोपवतो!

एरवी शरीर वाऱ्यानंही निवतं. पण आपली त्वचा असते 35 अंशांच्या आसपास. हवा 45 अंशांची झाली की वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देतो. तेव्हा घाम हा एकच मार्ग उरतो, तोही घाम वाळला तर. ढगाळ, दमट हवेत बेदाणा वाळत नाही, काळा पडतो, हे चाचांना कुणी सांगायला नको. खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत तसंच होतं. घाम नुसता ओघळतो, पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते.

आता सवयीकडे येऊ. रोज तासभर उन्हात चालायला लागलं की पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. त्यामुळे एकाच वेळी त्वचेला आणि स्नायूंना रक्त पुरवताना हृदयाला कमी धावावं लागतं. मग घाम लवकर सुटू लागतो, शरीर फारसं तापायच्या आधीच, आणि जास्त सुटतो. तिसरा बदल मला सगळ्यात सुंदर वाटतो. घामाची ग्रंथी म्हणजे त्वचेखाली वेटोळं घालून बसलेली एक बारीक नळी. तळाशी तयार होणारा घाम जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. वर येताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम परत शोषून घेतात. किती शोषायचं ते अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठरवतं, आणि उन्हाची सवय होताना ग्रंथी त्याचं जास्त ऐकू लागतात. पाणी बाहेर, मीठ आत. हे सगळं जमायला 10 ते 14 दिवस लागतात. उन्हात जाणं थांबलं की तीन-चार आठवड्यांत बहुतेक सवय पुसली जाते.

म्हणून मार्चमध्ये बागेत राबलो ही शिदोरी मे अखेरपर्यंत पुरत नाही. निघण्याआधीचे दोन आठवडे रोज चालायचं, आणि तिकडे पोचल्यावर दिवसभर एसीच्या खोलीत बसून राहायचं नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. वय वाढतं तशी तहान उशिरा कळते, म्हणून घड्याळ बघून पाणी प्यायचं.

खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही असं आपल्याकडे अजून सांगितलं जातं. खिशातल्या कांद्यानं शरीराचं तापमान कणभरही उतरत नाही. त्या भरवशावर कुणी पाण्याची बाटली घरी ठेवू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. इहराममध्ये, म्हणजे हजसाठी धारण केलेल्या पवित्र अवस्थेत, पुरुषांना डोकं झाकता येत नाही, पण छत्री चालते. ती घ्यावी.

आणि कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून लडखडू लागलं, तर तो उष्माघात समजावा. मदत बोलवावी, तोवर अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. हजमधल्या अशा रुग्णांसाठी खोगाली आणि वायनर या संशोधकांनी एक यंत्रणा विकसित केली. 1980 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तिच्यात अंगावर 15 अंशांच्या पाण्याचे बारीक तुषार मारतात आणि वरून हवा सोडतात ती 45 अंशांची, गरम! त्वचा एकदम गार पडली तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. म्हणून त्वचा 32-33 अंशांवर कोमट ठेवायची आणि काम बाष्पीभवनावर सोपवायचं. इतकी सरळ आणि इतकी अचूक युक्ती मला दुसरी आठवत नाही.

लशीबद्दल थोडक्यात. 2000 साली हजहून परतलेल्यांमधून डब्ल्यू-135 या प्रकारच्या मेंदुज्वराची साथ अनेक देशांत पोचली. त्यानंतर या जंतूच्या चार प्रकारांवर चालणारी लस सक्तीची झाली. ती पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. चाचींना मधुमेह आहे. त्यांनी दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळायच्या. बधिर झालेल्या तळव्यांना फरशीचा चटका कळत नाही, म्हणून पाय रोज तपासायचे. आणि इन्सुलिन गार ठेवायचं.

चाचांनी मनावर घेतलं. रोज चार वाजता कृष्णेच्या काठानं तासभर चालायचं, आधी आणि नंतर बेदाण्याच्या काट्यावर वजन करायचं, असं आमचं ठरलं. पहिल्या दिवशी 700 ग्रॅम घटले. तेवढा घाम गेला, तेवढं पाणी कमी पडलं. दहाव्या दिवशी घट किलोच्या वर गेली, पण दम कमी लागला. चाची सदरा धुवायला घेताना म्हणाल्या, पाठीवर मिठाचे पांढरे चट्टे यायचे, ते आता फारसे दिसत नाहीत. चाचांनी वरच्या ओठावरचा घाम जिभेनं चाखून बघितला.

"खरंच की सर. खारटपणा कमी झालाय."