ऑल-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्‌स कारची घरगुती देखभाल : टायर आणि सस्पेन्शन

इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणाऱ्या वेगवान गाड्यांचे टायर व सस्पेन्शन मालकाने स्वतः तपासण्याची, झिजलेले भाग घरीच बदलण्याची आणि चाकांची दिशा जुळवण्याची पद्धत. अशा गाड्यांत ऑडी क्वात्रो (१९८०), निस्सान स्कायलाइन जीटी-आरची आर३२ पिढी (१९८९), मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन (१९९२) आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स (१९९२) ही नावे आधी येतात. पुढचे विवेचन मुख्यतः सुबारूला धरून आहे. जपान, ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात या गाडीखाली पाठ टेकून काम करणारे हौशी मालक मोठ्या संख्येने आढळतात.

याचे मूळ रॅलीत आहे. ग्रुप ए नियमांप्रमाणे रॅलीत उतरवायची गाडी हजारोंच्या संख्येने तयार करणे कंपनीला भाग असे. त्यामुळे डोंगरातल्या चिखलावर पळणारी यंत्रणा साध्या पगारदाराच्या दारात येऊन उभी राहिली. निळ्या सुबारूत बसून कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये, रिचर्ड बर्न्स २००१ मध्ये आणि पेटर सोल्बर्ग २००३ मध्ये जगज्जेते झाले. मधली १९९६ ते १९९९ ही चार वर्षे लान्सर चालवणाऱ्या टॉमी मॅकिनेनने घेतली. जुनी झाल्यावर या गाड्या परवडण्याजोग्या भावात मिळू लागल्या. गाडी परवडली तरी तिच्या वर्कशॉपचे बिल परवडेलच असे नाही, आणि घरगुती देखभालीची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत तिथूनच होते.

टायरचा परीघ

इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळणाऱ्या गाडीचा एक टायर फाटला तर एक किंवा फार तर जोडी बदलून काम भागते. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र चार टायर मिळून एकच सुटा भाग समजावा लागतो. नवशिक्या मालकाला हे सहसा पहिल्या मोठ्या खर्चानंतर कळते.

वळण घेताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. हा फरक पोटात घ्यायला दोन्ही धुरांच्या मध्ये एक डिफरन्शिअल बसवलेले असते. मॅन्युअल गिअरच्या डब्ल्यूआरएक्समध्ये त्याला व्हिस्कस कपलिंगची जोड असते. एका बंद डब्यात पातळ पत्र्याच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात, काही पुढच्या धुरेच्या आणि काही मागच्या, आणि त्यांच्यात सिलिकॉनचे दाट तेल भरलेले असते. एक धुरा दुसरीपेक्षा जोरात फिरू लागली की तेल घुसळून तापते आणि चकत्या एकमेकींना ओढू लागतात. बर्फात चाक घसरले की गाडी सुटते ती यामुळेच.

आता पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले आहेत असे समजा. २२५/४५ आर१७ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १,९९३ मिलिमीटर असतो, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ५०२ फेरे. नक्षी एक मिलिमीटरने झिजली की त्रिज्या तेवढीच घटते, परीघ सव्वासहा मिलिमीटरने कमी होतो आणि किलोमीटरमागे दीड फेरा जास्त पडतो. शंभर किलोमीटरला हे सुमारे १६० फेरे झाले. रस्ता सरळ असला तरी कपलिंगला वाटते की गाडी सारखी वळतेच आहे. ते तापतच राहते आणि कालांतराने कायमचे आवळून बसते. मग पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हळू काढताना ती अडखळते, हुंदके दिल्यासारखी पुढे सरकते. याला टॉर्क बाइंड म्हणतात. मोकळ्या मैदानात मंद गतीने इंग्रजी आठचा आकडा काढून पाहिला की दोष लगेच उघडा पडतो. टायरवर वाचवलेले पैसे अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्यात जातात.

सुबारूने चार टायरच्या परिघांत पाव इंचापर्यंत, म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोड्या वरपर्यंतच, फरक चालेल असे सांगितले आहे. नक्षीच्या खोलीत मोजले तर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर भरतो. नव्या टायरची खोबण साधारण आठ मिलिमीटर असते आणि १.६ मिलिमीटरला टायर बाद होतो. अर्ध्या आयुष्यात आलेल्या तीन टायरांशेजारी एक कोरा टायर बसवला, की मर्यादा तिपटीने ओलांडली जाते. यावर अमेरिकेत एक वरकरणी वेडा वाटणारा उपाय रूढ आहे : नवा टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या बरोबरीला आणतात. कोऱ्या मालाचे रबर पैसे देऊन खरवडून टाकायचे हे जिवावर येते, पण हिशोब त्याच्याच बाजूने लागतो.

मोजणीला खोली मोजायचा छोटा गेज पुरतो. प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला असा तीन जागी मोजावा आणि बारा आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. गाडी उचललेली असेल तर शिंप्याची टेप टायरभोवती गुंडाळून थेट परीघच घेता येतो, फक्त चारही टायरांत हवा सारखी हवी. हे आकडे बरेच काही सांगतात. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला तर जास्त भरली गेली, आणि एकटी आतली कड खाल्ली गेली तर चाकाची दिशा बिघडली. या आतल्या कडेनेच सर्वांत जास्त लोक फसतात, कारण उभ्या गाडीत ती दिसत नाही. बाहेरून नक्षी टवटवीत आणि आतून टायर गोटा, असा प्रकार गाडीची उंची कमी करून घेतलेल्यांकडे नेहमीचा.

सुबारूचे बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे, इंजिन पुढच्या धुरेच्याही पुढे लटकते, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. म्हणून दर दहा हजार किलोमीटरच्या आसपास टायर पुढे-मागे फिरवतात. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर आपल्याच बाजूला राहतात, बाकीचे तिरके टाकता येतात. निस्सान जीटी-आर आर३५ मध्ये ही सोयच नाही. तिचे पुढचे टायर २५५ आणि मागचे २८५ मिलिमीटर रुंद.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी घसरले की हवेचा दाब साधारण एक पीएसआय (दाबाचे माप) उतरतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या आठवड्यात डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून पंक्चर शोधत बसू नये. टायरचे वय बाजूवरच्या चार आकड्यांत असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

लहान मापाची स्टेपनी हाही परिघाचाच प्रश्न. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंपैकी बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, फक्त पुढच्या चाकांना ताकद) लिहिलेला रिकामा खाचा असतो. स्टेपनी लावली की त्यात एक फ्यूज खोचायचा, म्हणजे मागच्या चाकांची ताकद तुटते. हे माहीत नसलेल्या मालकांनी तो खाचा पाहून फ्यूज हरवला असे समजणे अगदी स्वाभाविक आहे.

गाडी उचलणे

गिअरमध्ये टाकलेली गाडी जागची हलत नाही, हा भरवसा इथे धोक्याचा आहे. मागची दोन्ही चाके हवेत असतील आणि हँडब्रेक सोडलेला असेल, तर मधल्या डिफरन्शिअलमधून मागची चाके उलटी फिरू शकतात आणि जमिनीवरची पुढची चाके पुढे सरकू शकतात. कपलिंगमुळे ती सावकाश सरकतात, इतकेच. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावणे, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावणे आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग गाडीखाली न घालता स्टँड ठेवणे हे नियम मोडू नयेत. एकच धुरा उचलून इंजिन गिअरमध्ये चालवून पाहणे तर सक्त वर्ज्य. जमिनीवरची चाके गाडीला स्टँडवरून ओढून नेतात.

सस्पेन्शन

डब्ल्यूआरएक्सच्या पहिल्या दोन पिढ्यांत पुढे-मागे दोन्हीकडे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले खांब, आहेत. २००८ च्या पिढीपासून मागे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वरून-खालून आडव्या आर्मांनी धरणारी रचना, आली. घरच्या तपासणीला हत्यारे फारशी लागत नाहीत. उचललेले चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले आणि ते खेळले, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) गेला. तीन आणि नऊच्या जागी खेळले तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारे टोक) पाहावा. खड्ड्यात टक असा आवाज येत असेल तर पहिला संशय स्टेबिलायझरच्या (वळणावर गाडीचा झोक आवरणाऱ्या दांडीच्या) लिंकवर घ्यावा, तो भाग सर्वांत स्वस्त असतो आणि बहुधा दोषीही. बेअरिंगचा आवाज घुमतो आणि वळणावर वजन दुसऱ्या बाजूला गेले की बदलतो.

२००४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या एसटीआयचे (डब्ल्यूआरएक्सच्या अधिक ताकदवान आवृत्तीचे) स्ट्रट उलटे बसवलेले असतात. त्यांची जाड नळी बाहेरच्या कवचात बुशांवर सरकते. आतले ग्रीस सुकले की हे स्ट्रट शॉकअप फुटल्यासारखे ठोके देतात. पुष्कळांनी चांगले शॉकअप याच आवाजाला घाबरून फेकून दिले. उघडून, पुसून, नवे ग्रीस भरले की बहुतेकदा ते शांत होतात.

पुढचा स्ट्रट उतरवताना जिथे चूक होते ती जागा हाताएवढी आहे. स्ट्रट चाकाच्या नकलला (हब ज्यात बसतो त्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यांतला वरचा बोल्ट साधा नाही, त्याची चकती एका बाजूला झुकलेली असते आणि तो फिरवला की चाक आत-बाहेर कलते. हा कल, म्हणजे कॅम्बर, याच बोल्टाने ठरतो. म्हणून पाना लावण्याआधी तारेच्या ब्रशने माती काढावी आणि बोल्टाचे डोके ते कवच अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. परत बसवताना रेघेला रेघ जुळली, की टायरवाल्याच्या दुकानापर्यंत गाडी निदान सरळ जाते. रेघ विसरलेली गाडी खेकड्यासारखी चालते.

वरच्या टोकाला बॉडीवर लहान नट असतात, ते निर्धास्त खोलावेत. मधला मोठा नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबलेली नसताना कधीही खोलू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणूस मारू शकते. ज्याच्याकडे चांगला कॉम्प्रेसर नाही त्याने स्ट्रट उतरवून हातात न्यावा आणि स्प्रिंग बदलण्यापुरते पैसे वर्कशॉपला द्यावेत. यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी चूक सांध्यांतल्या रबरी बुशांची. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट चाक लटकलेले असतानाच आवळले, तर रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पकडले जाते. गाडी खाली टेकली की ते कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट आधी नुसते हाताने बसवावेत, गाडी चाकांवर किंवा उंच फळ्यांवर उतरवावी, आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे. महागडे पॉलियुरेथिन बुश टाकण्याआधी ही एवढी शिस्त पाळली असती तर मूळचे रबर पुरले असते, असे अनेक गाड्यांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या थंड प्रदेशांत हे सगळे दुप्पट अवघड होते. बॉल जॉइंट आवळणारा बोल्ट नकलमध्ये गंजून एकजीव होतो आणि पाना लावला की डोके हातात येते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवणे आणि नवा बोल्ट आधीच आणून ठेवणे, हे तिथले मालक अनुभवाने शिकतात.

दोरीने अलाइनमेंट

सस्पेन्शनला हात लावला की चाकांची दिशा पुन्हा पाहावी लागते. कॅम्बर मोजायला फोनमधला कोनमापक चालतो, टोसाठी, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळले आहे त्यासाठी, दोरी लागते. गाडी सपाट फरशीवर उभी करून दोन्ही बाजूंना स्टँडवर चाकांच्या मध्याच्या उंचीला सरळ दोऱ्या ताणतात. इथे एक मेख आहे : पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी असेलच असे नाही. म्हणून दोरी टायरला समांतर न लावता दोन्ही बाजूंच्या हबपासून मोजून, गाडीच्या मध्यरेषेला समांतर आणावी लागते. मग रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून किती लांब ते पोलादी पट्टीने पाहायचे. १७ इंची रिमवर दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे पाव अंश, आणि तेवढ्यावर टायरची कड खाल्ली जाऊ शकते. पुढच्या टायरांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन लाद्या एकमेकींवर ठेवल्या की चाक अडकत नाही. टाय रॉड दोन्हीकडे सारखाच फिरवावा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडे अशी अवस्था येते.

शेवटी चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळून, थोडे अंतर चालवून पुन्हा तपासतात. दाबून बसवलेली व्हील बेअरिंगे घरी काढण्याच्या फंदात प्रेस नसलेल्याने पडू नये. २००८ नंतरच्या सुबारूत मात्र ती हबसकट बोल्टांवर येतात आणि अंगणातही बदलता येतात.

भारतात

सुबारूचे भारतात विक्रीजाळे नाही. इथे हा प्रश्न चेन्नईत जोडणी होणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस किंवा ऑडीच्या क्वात्रो गाड्यांच्या निमित्ताने येतो. पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेला आपटून कमी उंचीच्या टायरला बाजूने फुगा येतो, आणि नेमका एकच टायर बाद होतो. चारही टायर एकदम बदलताना निघालेल्यांपैकी चांगला एक टायर अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवून द्यावा, नव्या संचातला एक टायर बाद झाला तर तो उरलेल्या तिघांशी अगदी जुळेलच असे नाही, पण तो संच अर्धा झिजल्यावर कोऱ्यापेक्षा जवळचा ठरू शकतो. गाडी बंद पडली किंवा चुकीच्या जागी लावली, तर दोनच चाके उचलून नेणारी टोइंग व्हॅन ही या गाड्यांची खरी शत्रू. त्यांना चारही चाकांसकट पाठीवर घेणारा सपाट ट्रकच लागतो, आणि त्याचा नंबर फोनमध्ये आधीपासून असलेला बरा.