डिजिटल नोमॅड व्हिसा आणि कर-निवास

परदेशातल्या कंपनीसाठी किंवा ग्राहकांसाठी इंटरनेटवरून काम करणाऱ्या माणसाला एखाद्या देशात काही महिने ते काही वर्षे राहण्याची मुभा देणारा परवाना म्हणजे डिजिटल नोमॅड व्हिसा. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही आणि नेहमीच्या वर्क व्हिसासाठी त्या देशातली नोकरी हातात लागते. लॅपटॉप घेऊन फिरणारा माणूस या दोन्हींत बसत नाही, म्हणून ही तिसरी वाट निघाली. अट जवळपास सगळीकडे एकच असते : पैसा बाहेरून यावा आणि स्थानिक माणसाच्या नोकरीवर गदा येऊ नये.

या व्हिसाला जोडूनच येणारा आणि बहुतेकांना उशिरा कळणारा विषय म्हणजे कर-निवास, म्हणजे एखाद्या वर्षी करापुरते तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी धरले जाता हा प्रश्न. व्हिसा इमिग्रेशन खाते देते, कर-निवास प्राप्तिकर खाते ठरवते, आणि पहिल्याने दिलेला कागद दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. 'माझ्याकडे वर्षाचा व्हिसा आहे, म्हणजे भारतातला कर संपला' हा या विषयातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

उगम आणि प्रसार

करोनाच्या टाळेबंदीत पर्यटन बुडाले आणि कचेऱ्या घरात आल्या, त्यातून हे व्हिसा जन्मले. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोसने जुलै २०२०मध्ये 'वेलकम स्टॅम्प' सुरू केला : मुदत बारा महिने, वार्षिक उत्पन्न किमान ५०,००० अमेरिकी डॉलर, एकट्यासाठी शुल्क २,००० डॉलर. एस्टोनियाने १ ऑगस्ट २०२०पासून युरोपात असा व्हिसा दिला. त्याच देशाची २०१४पासूनची ई-रेसिडेन्सी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यामुळे घरबसल्या तिथे कंपनी काढता येते, राहण्याचा हक्क मिळत नाही. दोन्हींची गल्लत अजून सर्रास होते. पुढे दुबई, क्रोएशिया, ग्रीस, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन, इटली, जपान, दक्षिण कोरिया अशी रांगच लागली.

काही देशांनी कराचा प्रश्न नियमातच सोडवला आहे. बार्बाडोस आणि क्रोएशिया या व्हिसाधारकांच्या परदेशी कमाईवर प्राप्तिकर घेत नाहीत. दुबईत वैयक्तिक प्राप्तिकर मुळातच नाही. तिथल्या व्हिसाची उत्पन्नाची अट सुरुवातीला महिना ५,००० डॉलर होती, ती पुढे ३,५०० झाली. बाकी बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहिले की सामान्य नियम लागू होतात. हे दिवस बहुधा १८३ असतात, थायलंडमध्ये १८०.

पोर्तुगालचा डी-८ व्हिसा ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस आला. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. २०२५मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, म्हणजे ३,४८० युरो. लिस्बनचे एवढे आकर्षण कशाचे, याचे निम्मे उत्तर २००९पासूनच्या करसवलतीत होते. नव्याने आलेल्यांना ठरावीक व्यवसायांतल्या कमाईवर दहा वर्षे सरसकट २० टक्के दर मिळे. ही दारे २०२४पासून नव्या लोकांना बंद झाली. नंतरची योजना संशोधन आणि तत्सम क्षेत्रांपुरती अरुंद आहे. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून लिस्बनला निघालेल्यांनी हा बदल आधी वाचावा, कारण तिथले नेहमीचे दर ४८ टक्क्यांपर्यंत चढतात.

स्पेनने डिसेंबर २०२२च्या स्टार्टअप कायद्यात या व्हिसाची सोय केली. तिथे किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न लागते, आणि स्पॅनिश ग्राहकांकडून येणारे काम एकूण कामाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. त्याच कायद्याने फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या नावाने ओळखली जाणारी २००५ची सवलत दूरस्थ नोकरदारांनाही खुली केली : सहा लाख युरोंपर्यंतच्या कमाईवर सरसकट २४ टक्के, येण्याचे वर्ष आणि पुढची पाच वर्षे. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

मराठी तरुणांमध्ये सध्या सगळ्यात जास्त चर्चा थायलंडच्या डीटीव्हीची, म्हणजे 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा'ची असते. जुलै २०२४मध्ये आलेला हा व्हिसा पाच वर्षांचा आहे, एका प्रवेशावर १८० दिवस राहता येते, शुल्क १०,००० बाथ आणि खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात. मासिक पगाराची मोठी अट नसल्याने फ्रीलान्सरला तो आवाक्यातला वाटतो. पण १ जानेवारी २०२४पासून थायलंडने नियम बदलला. कर-निवासी माणसाने त्या तारखेनंतर परदेशात कमावलेला पैसा कोणत्याही वर्षी देशात आणला तरी तो करपात्र धरला जातो. पूर्वी पैसा वर्षभर बाहेर ठेवून मग आणायची पळवाट होती. जपानचा २०२४चा व्हिसा सहा महिन्यांचा आहे आणि एक कोटी येन वार्षिक उत्पन्न मागतो. ज्यांना जपानमध्ये व्हिसामाफी आणि जपानशी कर-करार दोन्ही आहेत अशाच देशांच्या नागरिकांना तो मिळतो. आपला करार आहे, व्हिसामाफी नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही.

भारतातली दिवसांची मोजणी

भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलेला माणूस निवासी ठरतो. दुसरी कसोटी कडक आहे : वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असले तरी तो निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला या साठच्या जागी १८२ची सवलत आहे. निवासी माणसाला जगभरच्या कमाईवर भारतात कर लागतो, तर अनिवासी माणसाला फक्त भारतात उद्भवलेल्या किंवा भारतात मिळालेल्या कमाईवर.

समजा, पुण्यातली एक डिझायनर अमेरिकी कंपनीसाठी काम करते आणि तिला थायलंडमधल्या चिआंग माईला जायचे आहे. १ एप्रिल ते २८ सप्टेंबर हे १८१ दिवस होतात. २९ तारखेला ती पुण्यातच असली की १८२ भरले आणि वर्ष गेले. म्हणून सी.ए. लोक 'अठ्ठावीसच्या आत विमानात बसा' असे सांगतात. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस मोजावेत, हेही सांगतात. ती २७ला निघाली आणि दिवाळीला दहा दिवस घरी आली, तर गणित पुन्हा फसले : १८० अधिक १०. आता संपूर्ण वर्ष ती निवासी, म्हणजे थायलंडमध्ये बसून केलेल्या कामाचा पैसाही भारतात करपात्र. तिकडे थायलंडचे वर्ष जानेवारीपासून सुरू होते, त्यामुळे तिथे त्या वर्षी ती शंभर दिवसही भरत नाही आणि तिथली रहिवासी ठरत नाही. दोन देशांची वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. एका तक्त्यात प्रत्येक प्रवासाची तारीख, विमानाचा क्रमांक आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याचे पान लिहून ठेवावे. शिक्के पुसट होतात, बोर्डिंग पास हरवतात आणि नोटीस दोन-तीन वर्षांनी येते.

'नोकरीसाठी' हा शब्द फ्रीलान्सरला लागू होतो का? स्वतःचा व्यवसाय करायला परदेशी जाणेही त्यात बसते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०११मध्ये म्हटले आहे. पण बाहेर पडताना हातात पर्यटक व्हिसा असेल तर हा मुद्दा पटवणे जड जाते, आणि मग साठ दिवसांची कसोटी लागते. डिजिटल नोमॅड व्हिसाचा करापुरता खरा उपयोग मला इथे दिसतो : आपण फिरायला नव्हे, कामासाठी गेलो होतो याचा तो पुरावा ठरू शकतो.

आधीच अनिवासी असलेला भारतीय घरी भेटीला आला तर त्याला १८२ दिवसांची मोकळीक असते. भारतातली कमाई १५ लाखांवर असेल तर २०२०च्या वित्त कायद्याने ती १२० दिवसांवर आणली. आजारी आईजवळ सांगलीला चार महिने बसून दुबईचे काम करणाऱ्या मुलाला ही मर्यादा फार लवकर गाठते. टाळेबंदीत अडकलेल्यांसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ मे २०२०च्या परिपत्रकाने २२ ते ३१ मार्च २०२० हे दिवस मोजणीतून वगळले. त्यापुढच्या वर्षासाठी अशी सरसकट सूट मिळाली नाही. आईवडिलांच्या आजारपणासाठी नियमात कसलीच सवलत नाही, हे मला कायद्यातले मोठे उणेपण वाटते.

त्याच २०२०च्या कायद्याने कलम ६(१अ) आणले. भारतीय नागरिकाची परदेशी उत्पन्न सोडून कमाई १५ लाखांवर असेल आणि निवासाच्या नात्याने तो दुसऱ्या कोणत्याच देशात करपात्र नसेल, तर एकही दिवस भारतात न राहता तो निवासी मानला जातो. 'कुठेच रहिवासी नाही' असे जगणाऱ्यांसाठीच हे कलम आहे. मात्र अशा माणसाला 'साधारण निवासी', म्हणजे जगभरच्या कमाईवर कर लागणारा पूर्ण निवासी, धरत नाहीत, म्हणून भारतातून चालणारा धंदा-व्यवसाय सोडून इतर परदेशी कमाईला हात लागत नाही. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ने घेतली. 'मागील वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले, कलमांचे क्रमांक बदलले, दिवसांच्या कसोट्या त्याच राहिल्या.

पगार कुठे जमा होतो

पुण्यातल्या कंपनीचा नोकर परवानगी घेऊन वर्षभर लिस्बनहून काम करतो आणि अनिवासी ठरतो. काम पोर्तुगालमध्ये झाले, म्हणून पगार तिथे उद्भवला. पण तो जमा झाला पुण्यातल्या खात्यात! पैसा पहिल्यांदा भारतात मिळाला की अनिवासी माणसालाही तो करपात्र ठरू शकतो, आणि कंपनी नेहमीसारखा टीडीएस कापत राहते. मग दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा आधार घ्यावा लागतो आणि त्यासाठी पोर्तुगालच्या कर खात्याचे निवास-प्रमाणपत्र लागते. ते वेळेवर हाती येत नाही, ही नेहमीची रड.

दोन्ही देशांनी एकाच माणसाला निवासी ठरवले, तर करारातल्या कसोट्या क्रमाने लावतात : कायमचे घर कुठे, कुटुंब आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट, नेहमीचा वावर कुठे, नागरिकत्व कोणते. पुण्यात बायको-मुले आणि स्वतःचा फ्लॅट, लिस्बनमध्ये भाड्याची खोली, असे असेल तर कौल भारताकडे झुकायची शक्यता मोठी. १८३ दिवसांच्या आत परदेशात कर लागत नाही, हेही अर्धेच खरे. करारातली ती सूट नोकरदाराला मिळते, आणि पगार देणारा त्या देशाचा रहिवासी नसावा, पगाराचा बोजा तिथल्या शाखेवर पडू नये, या अटीही सोबत असतात.

कंपन्या परवानगी देताना का कचरतात, तेही इथेच कळते. कर्मचाऱ्याच्या परदेशातल्या घराला कंपनीचे 'कायम आस्थापन', म्हणजे धंद्याचे तिथले कायमचे ठिकाण, मानले गेले, तर कंपनीच्याच नफ्यावर तिथे कर लागू शकतो. विक्रीचे करार करणाऱ्या माणसाबाबत ही भीती जास्त, एकटा कोड लिहिणाऱ्याबाबत कमी. सामाजिक सुरक्षेची वर्गणी हा वेगळाच हिशेब आहे. पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स अशा करार असलेल्या देशांत भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र दाखवून, कंपनीने तिथे पाठवलेल्या कर्मचाऱ्याची दुहेरी वर्गणी टाळता येते. स्वतःच्या हौसेने गेलेला 'पाठवलेला' ठरतो का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या मराठी मंडळींना दिवस मोजून सुटका नाही. अमेरिका त्यांच्याकडून जगभरच्या कमाईचे विवरणपत्र मागते, ते लिस्बनमध्ये असोत की लातूरला.

गोव्याचा धागा

१९ डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण किंवा दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व मिळवता येते. अशा गोंयकाराला डी-८ लागत नाही. त्याला युरोपीय संघात कुठेही राहून काम करता येते. डी-८धारकाला मात्र इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी संगणकी नोंद सुरू झाली आहे, पण ती थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांची होते, निवास-परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांची नाही, त्यामुळे ही मोजणी डी-८धारकाने स्वतःच ठेवावी. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की १९५५च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व जाते, आणि त्याबरोबर फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेले ६(१अ) कलमही मागे राहते. म्हापशातले घरभाडे भारतात करपात्र राहतेच.

बँक आणि मालमत्ता

परकीय चलन कायद्याची, म्हणजे फेमाची, निवासाची व्याख्या प्राप्तिकरापेक्षा वेगळी आहे. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी बाहेर पडलेला माणूस तिथे लगेच अनिवासी होतो आणि त्याने साधे बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी माणसाच्या रुपयांतल्या खात्यात, बदलून घ्यायचे असते. आमच्या डिझायनरसारखे लोक करापुरते निवासी आणि फेमापुरते अनिवासी, असे एकाच वर्षी दोन्ही असू शकतात. साधारण निवासी असताना परदेशात उघडलेले खाते विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावेच लागते, शिल्लक कितीही असो. न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे. परदेशात भरलेल्या कराची वजावट मागण्यासाठी जुन्या कायद्यात फॉर्म ६७ भरावा लागे. त्यासोबत कर भरल्याची पावती जोडायची असते, म्हणून ती मिळाल्या दिवशीच स्कॅन करून ठेवावी.