थोड्या खर्चात, उचलून नेता येईल अशी छोटी रेल्वे

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आधी टेप, मग इंजिन

लेआउट, म्हणजे बोर्डावर रूळ आणि देखावा मांडून केलेली छोटी रेल्वे, बांधायचा म्हटलं की बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. आवडीचं इंजिन ठरतं, त्याला शोभतील असे डबे येतात, रूळ येतात आणि मग हे सगळं मावायचं कुठे, असा प्रश्न पडतो. उचलून न्यायच्या लेआउटचं गणित उलटीकडून सोडवावं लागतं. तो एरवी कुठे राहणार, कोण नेणार आणि कशातून नेणार, हे आधी ठरवा. पलंगाखालची उंची, कपाटाच्या माथ्याची खोली, जिन्याचं वळण, गाडीची डिकी ही मापं कागदावर लिहून काढा. त्यातल्या सर्वांत अडचणीच्या जागेत जो मावेल तोच तुमचा बोर्ड. डिकीचं माप तिच्या तोंडाशी घ्या. आत जागा भरपूर दिसते, पण बोर्ड अडतो तो तोंडाशीच.

साधारण १२० × ३० सेमीचा बोर्ड एकटा माणूस बगलेत धरून जिना उतरू शकतो. त्याहून मोठा हवा असेल तर दोन तुकडे करा, एक लांबलचक बोर्ड करू नका.

पैशाबाबत आमचा एकच नियम आहे. ज्या धातूतून वीज वाहते आणि ज्यावर चाक फिरतं तिथे हात आखडू नका, बाकी सगळीकडे खुशाल आखडा. रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग) आणि एक धीम्या गतीने चालणारं चांगलं इंजिन नवं घ्या. लाकूड, इमारती, झाडं, डोंगर यांचं बरंचसं सामान घरात पडून असतं. त्यामुळे आम्ही विकतो त्यातल्याही काही वस्तू घेऊ नका, असं पुढे एक-दोन ठिकाणी लिहिलेलं दिसेल.

कोणतं प्रमाण घ्यावं

प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती लहान ते. एचओ प्रमाण म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन प्रमाण म्हणजे १:१६०, रुळांतलं अंतर ९ मिमी. ब्रिटिश गाड्यांचं १:७६ हे प्रमाणही १६.५ मिमीच्याच रुळांवर चालतं, म्हणून सेकंडहँड बाजारात हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले सापडतात. पेटीवरचं प्रमाण वाचूनच घ्या.

गाडी गोल फिरलीच पाहिजे असं मनात असेल तर एन घ्या. एचओच्या तयार रुळांत सर्वांत आवळ वळणाची त्रिज्या साधारण ३६ ते ३७ सेमी असते, म्हणजे नुसतं वर्तुळ बसवायलाही बोर्ड ८५ सेमी रुंद लागतो आणि तो बहुतेक दारांतून आडवा जात नाही. एनमध्ये २३ सेमी त्रिज्येवर लहान गाड्या आरामात वळतात, बोर्ड ५५ सेमीत भागतो. मात्र एनचे डबे हलके आणि चाकं बारीक, त्यामुळे रुळावरची धूळ त्यांना जास्त जाचते. झेड (१:२२०, ६.५ मिमी) याहून लहान आहे, पण पहिल्या लेआउटसाठी तो आम्ही सुचवत नाही. सामान कमी मिळतं, महाग पडतं आणि हात फार स्थिर लागतो.

दोन सांधे, तीन फाटे, आठ डबे

कमी जागेत आणि कमी खर्चात सर्वांत जास्त खेळता येईल अशी मांडणी कोणती, असं कोणी विचारलं की आम्ही ‘इंगलनूक सायडिंग्ज’ सांगतो. ॲलन राइट या ब्रिटिश छंदिष्टाची ही रचना. एक शंटिंगचा, म्हणजे डबे पुढेमागे करून हव्या जागी लावायचा रूळ, त्यातून दोन सांध्यांनी फुटणारे तीन फाटे. एका फाट्यावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. शंटिंगच्या रुळावर इंजिन आणि तीन डबे, त्याहून एकही जास्त नाही. डबे एकूण आठ.

खेळ असा. आठ डब्यांच्या चिठ्ठ्या टाकून पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ते पाच डबे लांब फाट्यावर उभे करायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण आठांतून पाच डबे क्रमाने लावायच्या ६७२० तऱ्हा होतात आणि जागा मुद्दाम अपुरी ठेवलेली असते. हवा तो डबा नेमका मागे अडकलेला असतो. गोल फिरणाऱ्या गाडीकडे माणूस किती वेळ बघणार? शंटिंगमध्ये मात्र तासभर कसा जातो ते कळत नाही.

आता एचओमध्ये याची लांबी मोजून पाहू. दोन आसांचा म्हणजे चार चाकांचा छोटा मालडबा कपलिंगसकट (डबे जोडणाऱ्या आकड्यासकट) सुमारे १० सेमी, छोटं शंटिंग इंजिन १२ सेमी, सांधा २० सेमी धरा. शंटिंगचा रूळ १२ + ३० = ४२ सेमी. मग पहिला सांधा २०, दुसरा सांधा २०, त्यापुढे तीन डब्यांचे ३०. बेरीज ११२. पाच डब्यांचा फाटा पहिल्याच सांध्यापासून सुटतो, म्हणजे ४२ + २० + ५०, तेही ११२. फाट्यावर उभ्या डब्याला शेजारून जाणारा डबा घासू नये म्हणून सांध्याच्या पुढे थोडी जागा सोडावी लागते, ती धरून १२० सेमी. एनमध्ये हेच साधारण ६५ ते ७० सेमीत बसतं. रूळ कापायच्या आधी तुमचं स्वतःचं इंजिन आणि स्वतःचे डबे जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ही बेरीज पुन्हा करा. इंजिन दोन सेमी लांब निघालं तर सगळा खेळ अडतो.

जॉन ॲलन या अमेरिकन छंदिष्टाचा ‘टाइमसेव्हर’ ही शंटिंगची मांडणीही प्रसिद्ध आहे, पण तिला पाच सांधे लागतात. सांधा ही लेआउटवरची महागडी वस्तू असल्यामुळे बजेट मर्यादित असेल तर दोन सांध्यांवरच थांबा.

उड्डाणपूल, डोंगरावर चढणारी गाडी वगैरे या आकारात विसरा. ३ टक्के चढावर रूळ ५ सेमी उचलायला १६७ सेमी लांबी लागते. तेवढा तर आपला बोर्डही नाही.

बोर्ड

६ मिमी प्लायवुडचा माथा, त्याच प्लायवुडच्या ९ सेमी उंचीच्या पट्ट्यांची चौकट, आणि खालून दर ३० सेमीवर एक आडवी पट्टी. १२० × ३० सेमीचा असा बोर्ड साधारण तीन किलोत होतो. त्याच मापाचा १८ मिमी एमडीएफचा नुसता माथाच पाच किलोच्या आसपास जातो, शिवाय खडी चिकटवताना पाणी लागलं की एमडीएफ फुगतो. वखारीतून उरलेले तुकडे मागून घ्या, आणि करवतीने सरळ कापणं जमत नसेल तर तिथेच कापून घ्या. चौकट काटकोनात नसेल तर पुढचं सगळं बिघडतं.

५ सेमी जाडीचा घट्ट एक्सपीएस फोम (उष्णता अडवायला वापरतात त्या पाट्यांचा) प्लायवुडपेक्षा किती तरी हलका असतो आणि त्यात नदीनाले सुरीने कोरता येतात. मात्र त्याच्या कडा ठोकर लागून फुटतात, म्हणून चारी बाजूंनी प्लायवुडची पट्टी हवीच. फोमवर स्प्रेचा रंग किंवा सॉल्व्हंटचा गोंद लावू नका, तो विरघळून खड्डे पडतात. लाकडाचा पांढरा गोंद चालतो.

बोर्ड दोन तुकड्यांत असेल तर जोड जपून करा. दोन्ही चौकटी शेजारी घट्ट दाबून धरा आणि दोघींतून एकदमच भोकं पाडा. दोन भोकांत धातूचे डॉवेल, म्हणजे एका चौकटीतून दुसरीत शिरणाऱ्या खुंट्या, बसवा. हाताने पिळता येतील अशा विंग नटचे दोन बोल्ट पुरतात. बोर्ड एका रेषेत आणायचं काम डॉवेलचं, आवळून धरायचं काम बोल्टचं. नुसत्या बोल्टवर भागवलं तर प्रत्येक जोडणीला रूळ केसभर इकडेतिकडे होतो आणि गाडी तिथेच घसरते.

जोडापाशी रूळ कसे बांधायचे हे आम्हाला सर्वांत जास्त विचारलं जातं. दोन्ही बोर्डांच्या अगदी कडेला, प्रत्येक रुळाखाली येईल असा एकेक पितळी स्क्रू पिळून बसवा. त्याचं डोकं रुळाच्या तळाला नेमकं टेकेल एवढंच खाली न्या. बोर्ड एकमेकांना आवळून रूळ सलग टाका, चारही स्क्रूंच्या डोक्यांवर डाख द्या, आणि सगळं थंड झाल्यावर बारीक दातांच्या करवतीने जोडावर रूळ कापा. दोन्ही टोकं आपोआप समोरासमोर येतात. नंतर कानसेने टोकांची धार मोडा.

रूळ आणि वीज

वळवता येणारा फ्लेक्सी रूळ सुमारे ९१ सेमी लांबीत मिळतो आणि छोट्या छोट्या तयार तुकड्यांपेक्षा स्वस्त पडतो. जोडही कमी होतात. रुळाची उंची ‘कोड’मध्ये सांगतात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. कोड ७५ दिसायला खरा वाटतो, पण जुन्या गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात, त्या खालच्या प्लास्टिकच्या पकडींवर टकटक आपटतात. जुने डबे चालवायचे असतील तर कोड १०० बरा.

सांधे घेताना फ्रॉग कसा आहे ते विचारा. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो भाग म्हणजे फ्रॉग. प्लास्टिकचा फ्रॉग स्वस्त आणि वायरिंगला सोपा, पण चार चाकांचं छोटं इंजिन हळू चालवलं की नेमकं त्यावर वीज तुटून थबकतं. आणि शंटिंग तर हळूच करायचं असतं. म्हणून या लेआउटवर धातूचा फ्रॉग घ्या. त्याला सांध्यासोबत बदलणारी वीज लागते, त्यासाठी महागडी मोटर घ्यायची गरज नाही. साधा स्लाइड स्विच बोर्डाच्या कडेला लावा, त्याच्या सरकत्या बोंडाला बारीक भोक पाडून ताठ तार अडकवा आणि ती सांध्याच्या पट्टीला जोडा. स्विच सरकवला की सांधाही हलतो आणि फ्रॉगची वीजही बदलते. सांध्यांच्या मोटरी आमच्याकडे आहेत, पण हात पोचेल एवढ्या लेआउटवर त्या उगाच.

रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका. चार वेळा बोर्ड हलला की त्या सैल होतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर द्या, पुढच्या रुळाला एक रंग, मागच्याला दुसरा, आणि हे रंग शेवटपर्यंत बदलू नका. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, आतल्या अंगाला चाकाची कडा फिरते.

एका इंजिनासाठी १२ व्होल्टची साधी डीसी वीज पुरते. तयार अडॅप्टर (१ ॲम्पिअर), गती कमीजास्त करणारा छोटा कंट्रोलर आणि दिशा बदलायला सहा पायांचा डीपीडीटी स्विच एवढ्यात काम होतं. एक सावधगिरी आहे. स्वस्त कंट्रोलर वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतात, आणि काही नव्या इंजिनांतल्या कोरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरी अशा विजेवर तापतात. इंजिनाच्या कागदावर मोटरचा प्रकार वाचा, कळला नाही तर आम्हाला विचारा. थेट घरच्या विजेवर चालणारा जुना कंट्रोलर मिळाला तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नका आणि तो घरी उघडू तर अजिबात नका. डिजिटल म्हणजे डीसीसी पद्धत, जिच्यात रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देता येतो, उत्तम आहे, पण एका इंजिनासाठी तो पैसा सांध्यांत घाला.

खडी टाकायच्या आधी आठवडाभर तरी नुसत्या रुळांवर गाडी चालवा. डबे ओढण्यापेक्षा ढकलून पाहा, सर्वांत हळू गतीने. ओढताना खपून जाणारा रुळाचा बाक ढकलताना लगेच उघडा पडतो. खडी एकदा चिकटली की दुरुस्ती म्हणजे तोडफोड.

देखावा

इथे खर्च जवळजवळ शून्यावर आणता येतो. खाऊच्या खोक्यांचा पुठ्ठा इमारतींना, वापरून वाळवलेली चहाची पत्ती मातीला, चाळलेला रंगीत भुसा गवताला. इमारती पाठच्या पडद्याला टेकवून अर्ध्याच खोलीच्या करा, मागची बाजू कोणी बघत नाही. रूळ बोर्डाच्या कडेला समांतर न ठेवता थोडे तिरपे टाकले तर ३० सेमीचा बोर्डही रुंद वाटतो.

खडीवर पांढरा गोंद आणि पाणी समसमान, त्यात भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबणाने पाणी खडीत मुरतं, नाहीतर थेंब वरच गोळा होऊन बसतो. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांजवळ गोंद जाऊ देऊ नका. बाहेरची वाळू वापरणार असाल तर तिच्यातून आधी चुंबक फिरवा. लोखंडी कण राहिले तर इंजिनाची मोटर ते ओढून घेते.

नेताना आणि मांडताना

दोन बोर्ड असतील तर एकमेकांकडे तोंड करून, मध्ये उंच इमारती मावतील एवढ्या प्लायवुडच्या पट्ट्या दोन्ही टोकांना बोल्टने लावून खोकं करा. गाड्या कधीही रुळांवर ठेवून नेऊ नका, त्यांच्या त्यांच्या पेट्यांत न्या. टेबल मिळेलच याची खात्री नसेल तर इस्त्रीचं टेबल सोबत घ्या. हलकं असतं, उंची बदलता येते आणि १२० सेमीचा बोर्ड त्यावर नीट बसतो. फक्त बोर्डाखाली घसरू नये असं काही अंथरा आणि गर्दीत लहान मुलं असतील तर ते भिंतीला लावून ठेवा.

पोचल्यावर मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, इंजिनाची चाकंही. खरखरीत रबराने घासायची सवय नको, त्याने रुळावर चरे पडतात आणि त्यात मळ आणखी लवकर बसतो.

आमच्याकडे येताना

जागेची मापं, वर्तमानपत्रावर केलेली लांबीची बेरीज, आणि असतील तर इंजिन व सर्वांत लांब डबा एवढं आणा. सेकंडहँड घेतलेले डबेही आणा. वेगवेगळ्या बनावटीची कपलिंगं एकमेकांत अडकत नाहीत, आणि आठही डब्यांना एकच प्रकार बसवणं हे आठ डबे नवे घेण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आधी दोन सांधे, तीन-चार फ्लेक्सी रूळ आणि वायर एवढंच न्या. बोर्ड उभा राहून गाडी चालू लागली की उरलेल्याचं बघू.