रक्त दिसणार, हे ठाऊक असताना

इंदूरच्या मॉलमध्ये ‘ए’ प्रमाणपत्राचा सुपरहिरोपट लागला की गेटवर एक वाद हमखास ऐकू येतो. “अहो, कॉमिकचाच तर सिनेमा आहे, आणि मुलगा माझ्यासोबत आहे,” असं रामबागेतले एखादे बाबा सांगतात. गेटवरचा पोरगा ऐकत नाही. नियम त्याच्या बाजूनं आहे: 18 वर्षांखालच्यांना पालकांसोबतही प्रवेश नाही.

बाबांचंही अगदीच चुकत नाही. त्यांच्या लेखी कॉमिक म्हणजे जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटाधारी वेताळ. ठोसा बसला, जबड्यावर कवटीची खूण उमटली, विषय संपला. 1954 साली अमेरिकी प्रकाशकांनी आपण होऊन ‘कॉमिक्स कोड’ ही काय दाखवायचं नाही याची नियमावली लावून घेतली आणि कितीतरी वर्षं तिथल्या मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समध्ये रक्त बेतानंच सांडलं. 1974 साली आलेल्या वुल्व्हरिन या कॉमिकमधल्या नायकाच्या मुठीतून धारदार पाती निघतात; पण 2000 पासून पडद्यावर वावरणारा हा गडी खरा रक्तबंबाळ दिसला तो 2017 च्या ‘लोगन’मध्ये. काही प्रेक्षक हादरले, तर काही म्हणाले, आत्ता कुठे खरं दाखवलंत!

दृश्य तेच, मग शरीराची प्रतिक्रिया इतकी वेगळी का? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी 1960 च्या दशकात याचा छडा लावायला एक विलक्षण साधन वापरलं: कारखान्यातल्या सुरक्षिततेचा प्रचारपट. त्यात सुतारकामाच्या यंत्रांवर तीन अपघात होतात. एकाच्या बोटांची टोकं फाटतात, दुसऱ्याचं बोट तुटतं आणि गोल करवतीतून उडालेली फळी तिसऱ्याच्या पोटात घुसते. काही प्रेक्षकांना आधीच सांगितलं होतं, की हे सगळे नट आहेत, कुणालाही इजा झालेली नाही. त्यांच्या हृदयाचे ठोके आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता, दोन्ही इतरांपेक्षा कमी उसळले. पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं ते एकच.

म्हणजे आधी कळलं की त्रास कमी? इतकं सोपं नाही. 1968 साली लाझारस यांच्याच गटानं चित्रपटाची दोन संकलनं करून पाहिली. एकात अपघात अचानक होतो. दुसऱ्यात हात करवतीकडे सरकताना बराच वेळ दिसत राहतो. जास्त ताण दुसऱ्यानं दिला, आणि त्यातला बहुतेक ताण प्रत्यक्ष अपघाताच्या आधीच येऊन गेला होता.

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. ‘हे कोणत्या प्रकारचं आहे’ हे कळलं तर शरीर निवांत होतं. ‘आता काहीतरी येतंय’ एवढंच कळलं तर ते ताठरतं. छापील कॉमिकमध्ये पहिल्या गोष्टीची खात्री कागदच देतो. शाईच्या रेषा, रंगाचे सपाट पट्टे, एका चौकटीत उगारलेली गदा आणि पुढच्या चौकटीत नुसती धूळ. मधला घाव वाचक आपल्या मनात, आपल्याला झेपेल तेवढाच घालतो आणि नको असेल तर पान उलटतो. सिनेमात वेग दिग्दर्शकाच्या हातात असतो, माणसं हाडामांसाची असतात आणि हाड मोडल्याचा आवाज चारी बाजूंनी येतो. (हा आवाज पुष्कळदा सेलरी नावाच्या भाजीचे दांडे मोडून केलेला असतो.)

नुसत्या इशाऱ्याचं बळ तोकडंच आहे. त्रासदायक मजकुराआधी दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांवरच्या अनेक प्रयोगांचा 2023 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. इशाऱ्यामुळे पाहण्याआधीची धाकधूक वाढते, पाहिल्यावरचा त्रास मात्र घटत नाही, असं त्यात दिसलं. ‘ए’ हे अक्षरही वय सांगतं, हिंसेची जात सांगत नाही. 2024 पासून ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले, तेही वयाचेच. त्यापेक्षा ओटीटीवर कोपऱ्यात येणारी ‘रक्तपात’ किंवा ‘हिंसा’ ही टीप अधिक कामाची.

राहता राहिले डोळे मिटून बसणारे. मोठा आवाज कानी पडताच सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात पापणी आपोआप आवळते, आणि मन आधीच धास्तावलेलं असेल तर अधिक जोरात. डोळे मिटल्यानं चित्र जातं, आवाज आणि वाट पाहणं दोन्ही उरतात. शेजारच्या सीटवरच्या काकूंना मी तर कान झाकायला सांगेन.