किलखर्न किल्ला

स्कॉटलंडच्या हायलँड प्रदेशात, अर्गाइल परगण्यातील लॉख ऑ या लांबलचक सरोवराच्या ईशान्य टोकाशी उभा असलेला हा भग्न किल्ला ग्लेनॉर्कीच्या कॅम्पबेल घराण्याचे मूळ ठाणे होता. अशा घराण्याला तिथे ‘क्लॅन’ म्हणतात. हायलँडच्या जुन्या गेलिक भाषेतील या शब्दाचा मूळ अर्थ ‘अपत्ये’. मराठीतील ‘भावकी’ त्याला बरीच जवळची आहे. मात्र क्लॅनमध्ये रक्ताच्या नात्याबरोबरच प्रमुखाच्या आश्रयाला आलेली, त्याचेच आडनाव लावणारी कुटुंबेही असत.

सर कॉलिन कॅम्पबेल यांना १४३२ मध्ये ग्लेनॉर्कीची जहागीर मिळाली आणि १४५०च्या सुमारास त्यांनी येथे पाच मजली मनोरा बांधला. त्या वेळी ही जागा म्हणजे सरोवरातील एक चिमुकले बेट होते, त्यामुळे निराळा खंदक खोदण्याची गरज नव्हती. १५००च्या सुमारास मनोऱ्याला लागून एक दिवाणखाना बांधण्यात आला आणि सोळाव्या शतकात मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर लहान बुरूज चढले. घराण्याची सत्ता पूर्वेकडे टे नदीच्या खोऱ्यात पसरत गेली, तसे प्रमुखाचे वास्तव्यही तिकडे सरकले.

किल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बदल १६९०च्या दशकातील आहे. ब्रेडॅल्बेनचे पहिले अर्ल (सरदारकीचा एक किताब) जॉन कॅम्पबेल यांनी अंगणाच्या उत्तरेला सुमारे २०० सैनिक राहू शकतील अशी बराक बांधली आणि तटाच्या कोपऱ्यांत गोल बुरूज उभारले. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी बराक मानली जाते. ती राजाने नव्हे, तर एका कुळप्रमुखाने स्वतःच्या फौजेसाठी बांधली होती, ही गोष्ट त्या काळच्या हायलँडमध्ये सत्ता कोणाच्या हाती होती हे कोणत्याही सनदेपेक्षा स्पष्टपणे दाखवते. मनोऱ्याच्या दारावरील १६९३ साल कोरलेला दगड याच बांधकामाची आठवण आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने १७१५ आणि १७४५ मध्ये उठाव झाले, तेव्हा मात्र येथे सरकारी शिबंदी होती.

दुसरा उठाव मोडल्यावर अशा ठाण्यांचे प्रयोजनच उरले नाही. घराणे तोवर टेमथ येथील प्रशस्त वाड्यात स्थिरावले होते, आणि किल्ला सरकारला विकण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. पुढे १७६०च्या दशकात वीज पडून इमारतीची मोठी हानी झाली. ती दुरुस्त करण्यात कोणालाच स्वारस्य नव्हते आणि १७७०पर्यंत वास्तूवर छप्परही राहिले नव्हते. हायलँडमधील पडके किल्ले म्हटले की तोफा आणि वेढे डोळ्यांपुढे येतात, पण किलखर्नला कोणत्याही शत्रूने पाडलेले नाही. वरून कोसळलेल्या एका बुरुजाचा अखंड तुकडा अंगणात उलटा पडलेला आजही पाहता येतो.

१८१७ मध्ये सरोवराची पातळी खाली आणण्यात आली. भोवतालचे पाणी हटून दलदलीची जमीन उघडी पडली, आणि ज्या पाण्याच्या भरवशावर ही जागा निवडली गेली होती ते आता पूर्वीसारखे चहूबाजूंनी राहिले नाही.