तुळशीचं पाणी, बोरिवलीचं रान

दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली: तुळशी तलाव भरून वाहू लागला. मुंबईकर सुखावतो. खरं तर तुळशीत मावतं ८,०४६ दशलक्ष लिटर, आणि शहराला रोज लागतं चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे जेमतेम दोन दिवसांची सोय. शेजारच्या विहारची भर घातली तरी आणखी आठवडाभर. मुंबईची तहान भागते ती भातसा, वैतरणा, तानसा यांच्या जिवावर. तरीही रानातले हे दोन छोटे तलाव नसते, तर बोरिवलीचं नॅशनल पार्क आज उरलं नसतं, असं माझं मत आहे. श्रेय मिळतं बिबट्याला, पण रान राखलं पिण्याच्या पाण्याने.

इथली पाण्याची खटपट फार जुनी. याच रानातली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं खोदली जात होती. बहुतेक लोक चैत्यगृह आणि बुद्धमूर्ती पाहून, काकडी खाऊन परततात. त्यांनी पायऱ्या चढून थोडं वर जावं. उघड्या कातळावर अरुंद चर खोदलेले दिसतात. माथ्यावर पडणारा पाऊस वाया न घालवता खालच्या टाक्यांकडे वळवायची ही सोय. लेण्यालेण्याच्या अंगणाच्या कडेला टाकं आहे, तोंड लहान आणि पोट मोठं. तोंड लहान असलं की ऊन आत शिरत नाही, पाणी वाफ होऊन उडत नाही. लेण्यासोबत टाकंही दान दिल्याचे शिलालेख इथे आहेत. जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत पडायचा आणि उरलेले आठ महिने कोरडे. भिक्षूंचा संसार साठवणीवरच चालणार.

हीच वेळ पुढे मुंबई बेटावर आली. विहिरी आणि तळी पुरेनात. १८५४ मध्ये पाण्याची भयंकर टंचाई झाली. १८५६ मध्ये मिठी नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात विहारचं काम निघालं, आराखडा अभियंता हेन्री कोनीबेअर यांचा. १८६० मध्ये ते पुरं झालं. त्याच्या वरच्या अंगाला १८७९ मध्ये तुळशी बांधून झाला; तो भरला की पाणी विहारमध्ये उतरतं आणि विहार भरला की मिठीत. भोवतालचे डोंगर दोन्ही तलावांचं पाणलोट क्षेत्र ठरले. पाणी स्वच्छ ठेवायचं तर तिथे वस्ती, शेती, गुरं वाढू द्यायची नाहीत, हा साधा हिशोब. झाडं त्या हिशोबात आपोआप वाचली.

पण झाडी पाण्याचं करते काय? इथला कातळ ज्वालामुखीचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्यावर मातीचा थर पातळ. बोडक्या उतारावर जुलैची सर आपटली की माती सुटते आणि ओढ्यावाटे थेट तलावात, गाळ होऊन. झाडी असेल तर थेंब आधी पानांवर फुटतो, पाचोळ्यात जिरतो, मग मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून सावकाश झिरपतो. पाऊस ओसरल्यावरही ओढे वाहतात ते या झिरप्यामुळे.

तीव्र उतारांवर हे काम कारवी करते. माणसाच्या डोक्यावर जाणारी, खेटून वाढणारी ही झुडपं वर्षानुवर्षं नुसतीच हिरवी असतात आणि सात-आठ वर्षांनी सगळी एकदम जांभळी फुलतात. इथे २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. बी धरलं की झुडूप मरतं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसात तडकतात आणि रोपांची नवी गर्दी उगवते. वाळक्या काठ्या पाड्यांवर कुडाच्या भिंतींना जातात. म्हणून २०२४ ची फुलं ज्यांची हुकली, त्यांनी आता २०३२ च्या आसपासचा बेत करावा.

राष्ट्रीय उद्यानाची पाटी फार नंतरची. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, १९८० नंतर संजय गांधी. क्षेत्र आज सुमारे १०४ चौरस किलोमीटर. नावांच्या या खटाटोपापेक्षा मला पवई तलावाचं उदाहरण बोलकं वाटतं. तोही त्याच डोंगररांगेच्या पायथ्याचा, १८९१ च्या सुमाराचा, पाणीटंचाईवर उतारा म्हणूनच बांधलेला. त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही. पुढे त्याच्या काठावर इमारती आल्या, सांडपाणी आलं, जलपर्णी माजली. तुळशी आणि विहारचं पाणी मात्र शुद्ध करून आजही नळाला येतं.